‘पण त्याचंही काहीतरी असेलच की’ : एका चित्रपटानंतरच्या चर्चेविषयी

प्रश्न : साताऱ्यात आम्ही काही जण महिन्यातून एकदा एकत्र बसून चित्रपट पाहतो आणि नंतर त्यावर बोलतो. यावेळी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या वॉल्टर मॅकमिलियन यांच्या खटल्यावरचा ‘जस्ट मर्सी’ हा चित्रपट दाखवला. न केलेल्या खुनासाठी एका कृष्णवर्णीय माणसाला फाशीची शिक्षा होते आणि एक तरुण वकील त्याला सोडवतो. बायका रडल्या, पुरुषही रडले. पण बोलताना सूर वेगवेगळे लागले. ‘हे अमेरिकेतलं, आपल्याकडं वर्णद्वेष नाही’, ‘तिकडं ज्युरी असते म्हणून असं होतं’, ‘उशिरा का होईना न्याय मिळालाच ना’. एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, ‘माणूस बाहेरख्याली होता, उगाच कुणी संशय घेत नाही.’ ज्याला खरंच फाशी होते त्या दुसऱ्या कैद्यासाठी का रडायचं, असंही एकानं विचारलं. तुम्ही फौजदारी वकील आहात. तुम्हाला या प्रतिक्रियांबद्दल काय वाटतं? आणि शाळेतल्या मुलांना हा चित्रपट दाखवावा का?

उत्तर : त्या निवृत्त गृहस्थांच्या बोलण्यापासून सुरुवात करतो. बाकीच्या सगळ्या प्रतिक्रियांचं मूळ मला तिथंच दिसतं. ते वाईट मनानं बोलले नसणार. चित्रपट पाहताना त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं असेल. पण ते जे बोलले, नेमकं तेच, जिथं तो खून झाला त्या मनरोव्हिल गावानं 1987 साली मनात धरलं होतं.

खटल्याची हकिकत थोडक्यात सांगतो, म्हणजे माझा मुद्दा स्पष्ट होईल. 1 नोव्हेंबर 1986 रोजी सकाळी मनरोव्हिलमध्ये कपडे धुऊन देणाऱ्या एका दुकानात अठरा वर्षांच्या गोऱ्या मुलीचा खून झाला. कित्येक महिने पोलिसांच्या हाती काही लागलं नाही आणि गाव संतापलं. मॅकमिलियन लाकूडतोडीचा धंदा करत, स्वतःच्या पायावर उभे होते, गुन्हेगारीचा म्हणावा असा इतिहास नव्हता. एका गोऱ्या विवाहित बाईशी त्यांचे संबंध होते, आणि ते गावात कळलं होतं. एवढ्यावर हा माणूस ‘मर्यादा सोडणारा’ ठरला. पुढं खून कुणी केला असेल असा प्रश्न आला तेव्हा गावाच्या मनात त्याचं नाव बसायला वेळ लागला नाही. पुरावा नंतर गोळा झाला, आणि तो त्या नावाच्या मापानं गोळा झाला.

राल्फ मायर्स नावाच्या दुसऱ्याच प्रकरणातल्या आरोपीला साक्षीदार करण्यात आलं. सुरुवातीला तो मॅकमिलियनविरुद्ध बोलायला तयार नव्हता, त्याच्यावर दबाव आला. खटला चालायच्या आधीच दोघांनाही फाशीच्या कैद्यांच्या कोठडीत ठेवण्यात आलं. न्यायालयानं अजून दोषी ठरवलेलं नसताना! आणखी एका साक्षीदारानं सांगितलं की घटनेच्या वेळी मॅकमिलियनचा खाली बसवलेला, म्हणजे जमिनीपासूनची उंची कमी करून घेतलेला ट्रक दुकानाजवळ पाहिला. तो ट्रक खाली बसवून घेतला होता घटनेनंतर कित्येक महिन्यांनी. उलट त्या सकाळी मॅकमिलियन घरीच होते, चर्चसाठी मासे तळून विकायचा कार्यक्रम चालला होता, डझनावारी माणसांनी त्यांना तिथं पाहिलं होतं. पण ती सगळी माणसं कृष्णवर्णीय होती. त्यांच्या सांगण्याला वजन मिळालं नाही.

आता स्वतःला एक प्रश्न विचारा. त्या गृहस्थांनी तोच चित्रपट पाहिला होता. माणूस निर्दोष आहे हे त्यांना पहिल्या अर्ध्या तासात कळलं होतं. तरीही ‘उगाच कुणी संशय घेत नाही’ हे वाक्य त्यांच्या तोंडून आलं. मग ज्युरीतल्या, म्हणजे निकाल द्यायला बसवलेल्या सामान्य नागरिकांतल्या, ज्या बारा जणांना कुणीच आधी सांगितलं नव्हतं की हा निर्दोष आहे, त्यांचं काय झालं असेल? चित्रपटातला आरोपी आणि कोर्टातला आरोपी यांत हाच मोठा फरक आहे. पडद्यावर दिग्दर्शक आपल्याला खरं काय ते दाखवून ठेवतो, मग आपण निश्चिंतपणे त्याच्या बाजूनं रडतो. कोर्टात उभा असलेला माणूस सगळ्यांसाठी अनोळखी असतो. त्याच्याबद्दल आपल्याला एवढंच माहीत असतं की पोलिसांनी त्याला आणलं.

आपला कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. फौजदारी खटल्यात आरोपीचं वाईट चारित्र्य हा पुरावा होत नाही. आरोपीनं स्वतः आपल्या चांगल्या चारित्र्याचा पुरावा दिला तरच समोरच्याला तो विषय काढता येतो. जुन्या पुरावा कायद्याचं कलम 54, आता 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात कलम 49. सत्र न्यायालयात मी ही हरकत घेतो आणि बहुतेक वेळा ती मान्य होते. पण तोवर उशीर झालेला असतो. चारित्र्याचा संशय साक्षीच्या पिंजऱ्यातून येत नाही, तो तपासाच्या पहिल्या रात्री येतो. गाडी कुठल्या वस्तीवर जाते, तिथंच निम्मा खटला ठरतो.

म्हणून ‘आपल्याकडं वर्णद्वेष नाही’ हे वाक्य मला पटत नाही, आणि साताऱ्यात तर ते कुणी म्हणूच नये असं मला कळकळीनं वाटतं. माण-खटावकडं एखाद्या रानातल्या वस्तीवर दरोडा पडला की पोलिसांची गाडी पहिल्यांदा पारध्यांच्या पालावर जाते, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्यात आपल्याला काही वावगंही वाटत नाही. 1871 साली इंग्रजांनी काही जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. पुढं मुंबई इलाख्यातही तो आला. चावडीवर हजेरी, गाव सोडायला परवानगी, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. जे रामोशी एकेकाळी किल्ल्यांची आणि गावांची राखण करत त्यांच्यातल्याही अनेकांच्या वाट्याला हा शिक्का आला. कायदा 1952 साली रद्द झाला, 31 ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात तो त्यामुळंच. पण त्याच्या मागोमाग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आणि पोलीस ठाण्याच्या नोंदवहीतली आडनावं बरीचशी तीच राहिली. तुरुंगांच्या नियमावल्यांमधून जातीवर आधारलेली कामाची वाटणी आणि विमुक्त जमातींबद्दलचे असे उल्लेख काढून टाका, हा आदेश सर्वोच्च न्यायालयाला 3 ऑक्टोबर 2024 रोजी द्यावा लागला. इतकं हे आजचं आहे.

अमेरिकेतला रंग आणि आपल्याकडची जात एकच आहेत असं मी म्हणत नाही. दोन्हींचा इतिहास वेगळा. पण त्यांच्यातलं नातं आपल्याच जिल्ह्याशी बांधलेल्या माणसांनी फार आधी ओळखलं होतं. महात्मा फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. त्यांनी 1873 साली आपलं एक पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. ज्यांचा शाळाप्रवेश 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्यात झाला त्या बाबासाहेबांनी 1946 साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्यांच्या आणि त्यांच्या प्रश्नांमधल्या साम्याबद्दल विचारणा केली होती. तुमच्या मंडळात पुढच्या वेळी कुणी ‘हे तिकडचं’ म्हणालं तर त्यांना एवढं जरूर सांगा.

आणि हेही सांगा. 2003 साली नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबावर भयंकर हल्ला झाला. खून, बलात्कार, लूट. भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना अटक झाली. 2006 साली सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयानं तिघांची फाशी कमी करून जन्मठेप दिली. 2009 साली सर्वोच्च न्यायालयानं ती बदलून पुन्हा सहाही जणांना फाशीच दिली. पुढं पुनर्विचार याचिकेवर खुल्या न्यायालयात नव्यानं सुनावणी झाली आणि 5 मार्च 2019 रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. कारणं वाचताना अंगावर काटा येतो. हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रीनं घटनेनंतर लगेच पोलिसांकडच्या फोटोंमधून चार वेगळ्याच माणसांना ओळखलं होतं. त्या चौघांचा तपास झालाच नाही. शिक्षा झालेल्यांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही मध्यंतरी निष्पन्न झालं होतं. न्यायालयानं प्रत्येकी पाच लाख रुपये नुकसानभरपाई द्यायला सांगितली आणि तपास करणाऱ्या दोषी अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितली.

सोळा वर्षं. मॅकमिलियन सहा वर्षांनी, 2 मार्च 1993 रोजी बाहेर आले. आपली माणसं सोळा वर्षांनी. यावर चित्रपट निघाला असता तर आपण त्यांच्यासाठी रडलो असतो का, की मध्यंतरात ‘पण जमातच तशी’ असं कुजबुजलो असतो? मला याचं उत्तर ठाऊक नसतं तर बरं वाटलं असतं.

ज्युरीचा मुद्दा. मॅकमिलियन यांचा खटला अशा परगण्यात हलवला गेला जिथं कृष्णवर्णीयांचं प्रमाण बरंच कमी होतं. ज्युरीत अकरा गोरे, एक कृष्णवर्णीय. सुनावणी दीड दिवसात संपली. दोषी ठरवलं ते ज्युरीनंच, ही गोष्ट खरी. पण शिक्षा? त्या ज्युरीनं जन्मठेप सुचवली होती. फाशी दिली ती न्यायाधीशांनी, ज्युरीची शिफारस बाजूला सारून. अलाबामात न्यायाधीशांचा हा अधिकार 2017 पर्यंत चालू होता. तेव्हा ज्युरी गेली म्हणून धोका गेला असं समजू नका. आपल्याकडं ज्युरी जाऊन पन्नासहून अधिक वर्षं झाली, नाशिकचे ते सहा जण शिकलेल्या, अनुभवी न्यायाधीशांपुढूनच गेले होते. हा कुणा एकावर दोषारोप नाही. न्यायाधीशापुढं जे कागद येतात त्यांवरच तो निकाल देतो, आणि कोणते कागद पुढं येणार हे आधीच ठरलेलं असतं.

तुमच्या प्रेक्षकांपैकी कुणीच ज्याबद्दल बोललं नाही, पण वकील म्हणून मला जी गोष्ट सर्वांत जास्त खुपते, ती हीच आहे : दडवलेला कागद. मायर्सवर दबाव आल्याची ध्वनिफीत सरकारपक्षाकडं होती, बचावाला ती दिली गेली नव्हती. आपल्याकडं दोषारोपपत्राबरोबर आरोपीला त्या कागदांच्या नकला मिळतात ज्यांवर सरकारपक्ष भिस्त ठेवतो. ज्या जबाबांत आरोपीच्या फायद्याचं काही असतं ते तपास अधिकाऱ्याच्या फाइलीत राहू शकतात, आणि ते आहेत हेच बचावाच्या वकिलाला कळत नाही. जे अस्तित्वात आहे हे माहीत नाही ते मागायचं कसं? 2021 साली सर्वोच्च न्यायालयानं फौजदारी खटल्यांसाठी नियम घालून दिले, त्यात तपासात गोळा झालेल्या पण सरकारपक्ष वापरणार नाही अशा जबाबांची आणि वस्तूंची यादी आरोपीला द्यावी असं म्हटलं. 2022 च्या एका निकालात ते पुन्हा ठासून सांगितलं. हा मोठा बदल आहे. तालुक्याच्या कोर्टापर्यंत तो किती उतरला हे दर खटल्यात अर्ज देऊन, भांडून पाहावं लागतं. तरुण वकिलांना मी नेहमी सांगतो, दोषारोपपत्र हातात पडलं की पहिला अर्ज या यादीचा द्या.

मासे तळणाऱ्या त्या साक्षीदारांकडं परत येतो. आरोपी घटनेच्या वेळी दुसरीकडं होता असा बचाव आपण घेतला की उलटतपासात पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘तुम्ही आरोपीचे नातेवाईक ना?’ गरिबाच्या घरी रात्री नऊ वाजता नातेवाइकाशिवाय दुसरं कोण असणार? पालावर शेजारी म्हणजे भाऊबंदच. बचावाच्या साक्षीदारांना सरकारपक्षाच्या साक्षीदारांइतकीच समान वागणूक मिळाली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयानं 1981 सालीच सांगून ठेवलंय. तरी मनातला काटा लगेच सरळ होत नाही. चित्रपटात ती सगळी माणसं कोर्टाबाहेर थांबलेली दिसतात तेव्हा कुणाचं किती मानायचं हे कोण ठरवतं, यावर तुमच्या मंडळात चर्चा व्हायला हवी होती असं मला वाटतं.

‘उशिरा का होईना न्याय मिळाला’ या वाक्यावर मी एरवीही वाद घालतो. मिळालं काय? मॅकमिलियन सुटले त्यामागं एक जिद्दी वकील, टीव्हीवरचा एक गाजलेला कार्यक्रम आणि खोटं बोलल्याचं कबूल करायला तयार झालेला साक्षीदार होता. यातली एक गोष्ट जरी नसती तरी तो माणूस आज आपल्याला माहीतही नसता. 2013 साली ते गेले. तुरुंगवासाचा परिणाम त्यांच्या मनावर शेवटपर्यंत राहिला, असं त्यांचे वकील ब्रायन स्टीव्हनसन यांनी लिहिलं आहे.

आपल्याकडं तर ‘नंतर’चं काही ठरलेलंच नाही. चुकीच्या खटल्यात वर्षं घालवलेल्या माणसाला भरपाई देणारा स्वतंत्र कायदा करा, अशी शिफारस विधी आयोगानं 2018 साली आपल्या 277 व्या अहवालात केली. तो कायदा अजून झालेला नाही. विनाकारण अटक करायला लावली म्हणून भरपाई देण्याचं एक कलम आहे, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 358, तिच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 399. त्यातली कमाल रक्कम एक हजार रुपये. हो, एक हजार.

आणि निर्दोष सुटणं ही तर फार पुढची पायरी. 2022 अखेरीस देशातल्या तुरुंगांत जी माणसं होती त्यातली सुमारे 76 टक्के कच्चे कैदी होती, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेलाच नाही. साताऱ्याच्या जिल्हा कारागृहात भेटीला गेलात तर जामीन मंजूर झालेली, तरी आत असलेली माणसं भेटतील. जामीनदार लागतो, जामीनदाराला सातबारा लागतो किंवा ऐपतीचा दाखला लागतो. पालावर राहणाऱ्या माणसासाठी सातबारा कोण घेऊन येणार? न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी 1978 साली एका गरीब गवंड्याच्या प्रकरणात यावर फार तळमळीनं लिहिलं. 2023 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सांगितलं की जामीन मिळून कैदी आत राहिला तर कारागृहानं गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं आणि गरज पडली तर अट शिथिल करावी. तुमच्या मंडळातल्या ज्यांना चित्रपट पाहून ‘आपण काय करू शकतो’ असं वाटलं त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन या एका गोष्टीची चौकशी करावी. तिथं लोकांनी विचारत राहण्याचा उपयोग होतो.

आता दुसरा कैदी, हर्बर्ट रिचर्डसन. तो निर्दोष नव्हता. त्यानं ठेवलेल्या बॉम्बनं एका लहान मुलीचा जीव गेला. व्हिएतनामच्या युद्धातून तो मनानं मोडून आला होता. 18 ऑगस्ट 1989 रोजी त्याला विजेच्या खुर्चीत मारण्यात आलं. ‘त्याच्यासाठी का रडायचं’ हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि मला तो आवडला. त्या मुलीच्या आईसमोर बसून मी वेगळं काही बोलू शकेन का, मला सांगता येत नाही. पण वकील म्हणून एक नक्की सांगतो. आपल्या कोर्टांत दोषी ठरवणं आणि शिक्षा ठरवणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. 1980 पासून फाशी ‘विरळात विरळ’ प्रकरणातच द्यायची असं ठरलेलं आहे, आणि ते पाहायचं तर गुन्ह्याबरोबर माणूसही पाहावा लागतो. त्याचं बालपण, आजार, सुधारण्याची शक्यता. प्रत्यक्षात कित्येक खटल्यांत सकाळी दोषी ठरवलं आणि दुपारी ‘शिक्षेबद्दल काही म्हणायचंय का’ असं विचारलं, असं होत आलंय. आरोपी हात जोडून म्हणतो, ‘साहेब, म्हातारी आई आहे.’ एवढ्यात शिक्षेची सुनावणी संपते. 2022 साली सर्वोच्च न्यायालयानं फाशीच्या प्रकरणांत आरोपीची ही सगळी माहिती खटल्याच्या टप्प्यावरच गोळा करायला सांगितली. निर्दोष माणसासाठी रडायला चित्रपट आपल्याला शिकवतो. अपराधी माणसाकडं पाहायला शिकवतो तो त्यातला अवघड भाग, आणि दिग्दर्शकानं तो टाळला नाही हे मला फार मोलाचं वाटलं.

मनरोव्हिलबद्दल एक गोष्ट तुमच्या चर्चेत आली नसेल तर सांगून ठेवतो. खोट्या आरोपात अडकलेल्या कृष्णवर्णीय माणसावरची एक जगप्रसिद्ध कादंबरी जिनं लिहिली त्या लेखिकेचं हे गाव. तिथल्या जुन्या कोर्टाचं संग्रहालय झालंय. गावाला त्या कादंबरीचा अभिमान. ती वाचून रडलेली कितीतरी माणसं त्या गावात 1988 सालीही असणार, आणि मॅकमिलियनना शिक्षा झाली तेव्हा त्यांतल्या बहुतेकांना ती योग्यच वाटली असणार. प्रेक्षकांच्या अश्रूंबद्दल तुम्ही मला विचारलंत म्हणून हे सांगितलं. ते खोटे नसतात. पण त्यांवरून माणूस पुढं कसा वागेल हे मात्र सांगता येत नाही.

शेवटचा प्रश्न मुलांचा. नववीपासून पुढच्या मुलांना अवश्य दाखवा. फाशीचा प्रसंग जड आहे, त्याची कल्पना पालकांना आधी द्या. मुलांना चित्रपट थांबवून एकदा विचारा : मायर्सची साक्ष होते तिथं. ‘आत्तापर्यंत जे ऐकलं तेवढंच तुम्हाला माहीत असतं तर तुम्ही काय ठरवलं असतं?’ उत्तरं चिठ्ठीवर लिहून घ्या, नाव न घालता. मग पुढचा भाग लावा.

आणि जमलं तर त्याच आठवड्यात त्यांना जिल्हा न्यायालयात घेऊन या. फौजदारी न्यायालय खुलं असतं, कुणीही मागं बसून ऐकू शकतं. बलात्कार किंवा बालकांवरच्या अत्याचाराचे खटले तेवढे बंद दरवाजाआड चालतात. दहा-बारा जणांच्या वर आणू नका, आधी प्रबंधकांच्या कार्यालयात शाळेचं पत्र द्या, मोबाइल बंद. सकाळी अकराला सत्र न्यायालयात बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांची यादी, पाहून साक्षीपुरावा असलेला खटला निवडा, नाहीतर दिवसभर नुसत्या तारखा ऐकून मुलं कंटाळतील. मुलांना आरोपीकडं बघायला सांगण्यापेक्षा पोलिसांच्या पंचाचा उलटतपास ऐकायला सांगा : पंच कुठला, आधी किती पंचनाम्यांवर सह्या केल्यात, त्या दिवशी काय पाहिलं. पत्र देण्याआधी मला कळवलंत तर त्या दिवशी कुठल्या कोर्टात काय चालणार ते पाहून सांगेन.